हेडलाईट मंद झाली म्हणून लगेच एलईडी टाकू नका, आधी उजेड कुठे अडकतोय ते शोधा

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. नेरूळला मेव्हणीकडे जेवून रात्री साडेदहाला निघालो, ठाणे-बेलापूर रोड, विटावा, कळवा असं करत ठाण्यात येईपर्यंत काही वाटलं नाही कारण तिकडे स्ट्रीटलाईटच एवढे की हेडलाईट नसली तरी कळणार नाही, पण घोडबंदर रोडला लागलो, पाऊस जोरात, मेट्रोच्या कामाचे पत्रे दोन्ही बाजूला, आणि पुढचा खड्डा दिसतो तो थेट टायर आत गेल्यावरच. बायको म्हणाली, "अहो लाईट लावलीय ना, की पार्किंग लाईटवरच चाललोय?" लावलेली होती. अप्पर मारून बघितला तर अप्पर (लांबचा झोत) आणि डिपर (खालचा झोत) यांत फरकच कळेना. गाडी २०१२ ची वॅगन आर, समोरून बघितलं तर मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्यासारखी दिसायची, पण रोज बघतो म्हणून लक्षातच येत नाही हो.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. शनिवारी एका दुकानात गेलो, तो म्हणाला साहेब एलईडी टाका, दिवसासारखा उजेड पडेल. टाकले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीवर मारून बघितलं तर भिंत पांढरीशुभ्र, मी खूश. गेटवर वॉचमन काकांनी डोळ्यावर हात धरला तेव्हाच मला कळायला हवं होतं. रस्त्यावर समोरचा प्रत्येक माणूस मला अप्पर मारून शिव्या घालत होता आणि मला स्वतःला लांबचं आधीपेक्षा कमी दिसत होतं, सगळा उजेड बोनेटच्या पुढच्या दहा फुटांत आणि समोरच्यांच्या डोळ्यांत. चार दिवसांत काढले. पैसे गेले ते गेलेच.

असं का होतं ते आधी सांगतो. आपल्या साध्या गाड्यांमध्ये एच४ बल्ब असतो, ६०/५५ वॅट, एकाच काचेत दोन फिलामेंट, म्हणजे तापून उजेड देणाऱ्या तारा, एक अप्परचं एक डिपरचं, आणि डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते जी खालच्या बाजूचा उजेड अडवते. मागचा चकचकीत रिफ्लेक्टर त्या फिलामेंटची जागा मिलिमीटरमध्ये धरूनच बनवलेला असतो. एलईडीत फिलामेंटच्या जागी दोन बाजूंना चिपा बसवलेल्या, त्यांचा आकार वेगळा, जागा थोडी जरी हलली की रिफ्लेक्टर उजेड कुठेही फेकतो. कंपनीतूनच एलईडी आलेली गाडी असेल तर ती गोष्ट वेगळी, तिथे अख्खा लॅम्पच एलईडीसाठी बनवलेला असतो. आणि हो, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या गाडीत मनाने बदल करता येत नाही, तेव्हा चलान फाटलं तर भांडायला जागा नाही.

तर बॅटरीतून निघालेला करंट स्विच, वायर, कपलर (बल्बमागे वायर जोडणारा सॉकेट) करत बल्बपर्यंत येतो, तिथे त्याचा उजेड होतो, तो रिफ्लेक्टरवर आपटून लेन्समधून रस्त्यावर पडतो. यात कुठेतरी गळती असते. बहुतेक जुन्या गाड्यांत दोन-तीन ठिकाणी असते. बाहेरून आत बघत जायचं, म्हणजे स्वस्तातलं काम आधी होतं.

पहिली लेन्स. पूर्वी काचेच्या असायच्या, आता पॉलीकार्बोनेट, म्हणजे एक प्रकारचं कडक प्लास्टिक. त्याच्यावर कंपनीतून एक कोटिंग येतं जे उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवतं, ते काही वर्षांनी उडालं की प्लास्टिक पिवळं पडून धुरकट होतं. उघड्यावर पार्क होणाऱ्या गाडीची उन्हाकडची लाईट लवकर जाते, माझी डावी जास्त खराब होती कारण गाडी दुपारभर त्याच तोंडाने उभी असायची. आता टेस्ट काय, तर लेन्सवर पाणी ओता. ओली असताना एकदम स्वच्छ दिसली आणि वाळल्यावर परत धुरकट झाली म्हणजे खराबी वरच्या थरात आहे, घासून निघेल. ओली असतानाही आत ढगाळ दिसत असेल तर घासून हात दुखतील फक्त.

घासायला हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर आणा, ८००, १०००, १५००, २००० आणि मिळाला तर ३००० नंबर. जास्त पिवळी नसेल तर ८०० ला हात लावू नका, १५०० पासून सुरू करा. लाईटच्या कडेने बंपर आणि बोनेटवर मास्किंग टेप दोन थर मारा, एक थर फाटतो आणि मग रंगावर ओरखडे, मी केलेत. बादलीत पाणी, त्यात दोन थेंब शॅम्पू, पेपर दहा मिनिटं भिजवून ठेवा. मग ओलं ओलंच घासायचं, पहिला नंबर आडवा, पुढचा उभा, परत आडवा, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे गेले की नाही ते लगेच दिसतं. ते जाईपर्यंत पुढच्या नंबरवर जायचं नाही, सगळा खेळ इथेच आहे. सुरुवातीला जे पाणी खाली येतं ना, ते अक्षरशः हळदीच्या दुधासारखं पिवळं असतं, ते पांढरं व्हायला लागलं की समजायचं जुनं कोटिंग निघालं. आणि ८०० मारून पुसल्यावर लाईट बाथरूमच्या खिडकीच्या काचेसारखी होते, पार आंधळी. माझा मुलगा बाजूला उभा होता, म्हणाला बाबा तुम्ही तर अजून बिघडवली. घाबरू नका. २००० पर्यंत गेलात की ती हळूहळू मोकळी होते, मग रबिंग कंपाऊंड आणि मऊ फडकं घेऊन गोल गोल पॉलिश, की चकाचक. एका लाईटला मला पाऊण तास लागला, दंडाची वाट लागली.

पण इथे थांबलात तर काही महिन्यांत परत पिवळी, कारण कोटिंग तर तुम्ही स्वतःच्या हाताने काढून टाकलंय. त्यावर यूव्हीवाला, म्हणजे अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट किंवा पीपीएफ फिल्म (रंग वाचवायला चिकटवतात ती पारदर्शक फिल्म) लागतेच. क्लिअर कोट मी स्वतः नाही मारला, ओळखीच्या पेंटरकडून मारून घेतला, कारण टू-के क्लिअरचा (हार्डनर मिसळून मारतात तो क्लिअर कोट) वास आणि धूर छातीला वाईट असतो, साधा मास्क पुरत नाही. आणि हे काम जुलै-ऑगस्टमध्ये करू नका, आपल्याकडे हवेत इतका दमटपणा असतो की लॅकर मारला की वर दुधाळ सायीसारखी येते, मी दिवाळीपर्यंत थांबलो. टूथपेस्टचं विचाराल तर ती पण घासायचंच काम करते, हलकं पिवळेपण असेल तर थोडे दिवस बरं दिसतं, बस. मच्छर पळवायचा स्प्रे मारून लाईट चमकवायचे व्हिडिओ बघितले असतील, तो स्प्रे प्लास्टिकच विरघळवतो, म्हणून चमकतं. रंगावर उडाला तर रंगही जातो. नको.

आता आतलं. लॅम्पच्या मागची रबरी टोपी काढून बल्ब बाहेर घ्या, लाईट बंद करून आणि बल्ब थंड झाल्यावर, हे सांगायची गरज नसावी पण मी बोट भाजून घेतलंय. टॉर्च मारून रिफ्लेक्टर बघा. आरशासारखा असेल तर नशीब. करडा पडलाय, पापुद्रे निघतायत, बल्बच्या वर जळाल्यासारखा काळा डाग आहे, तर तो लॅम्प संपला. त्यावर ॲल्युमिनियमचा इतका पातळ थर असतो की कापडाने पुसला तरी निघतो, तेव्हा साफ करायला जाऊ नका, अख्खं युनिटच बदला, आणि जमलं तर दोन्ही बाजू एकदम, नाहीतर एक डोळा तरुण आणि एक म्हातारा. कुर्ल्याला सेकंडहँड मिळतात, पण त्याचाही रिफ्लेक्टर टॉर्च मारून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आत वाफ धरत असेल तर आधी ती रबरी टोपी आहे का बघा, बल्ब बदलताना मेकॅनिक लोक ती बसवायचा कंटाळा करतात. माझ्या उजव्या बाजूची नव्हतीच, कधीपासून नव्हती देव जाणे. खाडीकडची दमट हवा सरळ आत.

बल्ब. हॅलोजन बल्ब एकदम उडतो तरी किंवा हळूहळू म्हातारा होतो, काच आतून काळपट दिसली तर बदला, जोडीनेच बदला. फिलिप्स, ओसराम कुठलाही चांगला घ्या, ६०/५५ वॅटचाच. जास्त उजेडवाले, प्लस शंभर, प्लस एकशेतीस वगैरे लिहिलेले येतात, ते खरंच थोडं लांब फेकतात पण फिलामेंट जास्त तापतं म्हणून लवकर जातात. निळसर काचेचे 'सुपर व्हाईट' घेऊ नका, तो निळा रंग उजेड गाळून कमीच करतो, पावसात तर अजूनच वाईट. आणि १००/९० वॅटचे लावून कपलर वितळवलेले लोक प्रत्येक गॅरेजमध्ये भेटतील. बसवताना काचेला बोट लावायचं नाही, हाताचं तेल लागलं की तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर फुटतो. लागलंच तर स्पिरिटने पुसा.

आणि आता ते, जे कुणीच बघत नाही. कपलर. माझा बल्बमागचा तीन पायांचा कपलर काढला तर पांढरा असायला हवा तो तपकिरी झालेला, एका पायाजवळ बिस्किटासारखा भाजलेला, नाकाजवळ धरला तर जळक्या वायरचा वास. म्हणजे तिथे करंट अडकून गरम होत होतं, आणि बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळतच नव्हतं. मल्टिमीटर असेल तर इंजिन चालू, लाईट चालू ठेवून आधी बॅटरीवर मोजा, साधारण १४ च्या आसपास यायला हवं, मग बल्बच्या पायांवर मोजा. माझ्याकडे बॅटरीवर १४.१ आणि बल्बवर १२.४. वाटतं की पावणेदोन व्होल्टने काय होतंय, पण हॅलोजनचं गणित विचित्र आहे, व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की उजेड जवळपास तीस टक्के कमी होतो. म्हणजे मी नवीन बल्ब टाकून, लेन्स घासून सुद्धा एक तृतीयांशाच्या आसपास उजेड वायरमध्येच घालवत बसलो असतो.

यावर उपाय रिले किट. दोन्ही डिपर मिळून ११० वॅट, म्हणजे जवळपास नऊ अँपिअर, हे सगळं बऱ्याच जुन्या गाड्यांत स्टिअरिंगजवळच्या कॉम्बिनेशन स्विचमधून आणि बारीक वायरमधून येतं. रिले लावला की स्विच फक्त रिलेला इशारा देतो आणि बल्बचा करंट बॅटरीवरून जाड वायरने थेट जातो. किटमध्ये सिरॅमिकचे कपलर बघून घ्या, आणि बॅटरीजवळ फ्यूज असलाच पाहिजे, त्याशिवाय कुणालाही लावू देऊ नका, शॉर्ट झालं तर वायर पेटते. मूळ वायरिंग कापायची नाही, चांगलं किट जुन्या कपलरमध्येच घुसतं. वागळे इस्टेटमधल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने तासाभरात लावून दिलं, त्याची एक अट, अर्थिंग बॉडीला रंग खरवडून देणार. बरोबर आहे त्याचं. नंतर बल्बवर मोजलं, १३.७. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र यात पडू नका, सर्व्हिस सेंटरलाच दाखवा.

राहिला फोकस. लॅम्प काढला-बसवला की फोकस हलतोच. टायरमध्ये हवा बरोबर, कुणीतरी ड्रायव्हर सीटवर बसलेलं, सपाट जागा, आणि गाडी भिंतीपासून साडेसात मीटरवर, म्हणजे २५ फूट. आमच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये रात्री अकरानंतर जागा मिळते तेवढी. लाईटच्या मध्याची उंची जमिनीपासून मोजून भिंतीवर खडूने रेघ मारा, डिपरची उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साडेसात सेंटिमीटर, म्हणजे तीनेक इंच खाली पडली पाहिजे. काही लॅम्पवर हा उतार टक्क्यात छापलेला असतो, तो असेल तर तोच धरा. ती कड उजवीकडे सपाट आणि डावीकडे वर चढलेली दिसेल, तसंच हवं, उजवीकडून समोरची गाडी येते आणि डावीकडे चालणारे आणि सायकलवाले असतात. ॲडजस्ट करायचे स्क्रू लॅम्पच्या मागे असतात, एका वेळी अर्धा आटाच फिरवा. आणि हे सगळं करायच्या आधी डॅशबोर्डवरची ती ० ते ३ वाली चकती शून्यावर आणा. मी वीस मिनिटं स्क्रू फिरवत होतो, चकती ३ वर होती. पोराचा उद्योग.

खर्च म्हणाल तर पेपर, कंपाऊंड, बल्बची जोडी, किट, पेंटर आणि इलेक्ट्रिशियन सगळं धरून माझे त्या एलईडीपेक्षा थोडेसेच जास्त गेले. गेल्या महिन्यात परत नेरूळहून येताना गायमुखपर्यंत मुद्दाम पुढे जाऊन आलो, घाटाच्या अलीकडे जिथे दिवे कमी आहेत तिथे डिपरवर बघितलं. कडेची पांढरी पट्टी लांबपर्यंत दिसत होती. बायको झोपली होती.