मेंदूतील कोलेस्टेरॉलचे एन्झाइम हाताळताना या चुका टाळा

शरीरातील एकूण कोलेस्टेरॉलपैकी सुमारे २५ टक्के एकट्या मेंदूत असते आणि रक्त व मेंदू यांच्यामधील अडथळा ओलांडून ते जसेच्या तसे बाहेर पडू शकत नाही. चेतापेशींमधील सीवायपी ४६ए१, म्हणजेच कोलेस्टेरॉल २४-हायड्रॉक्सिलेज हे सायटोक्रोम पी४५० कुटुंबातील एन्झाइम, कोलेस्टेरॉलच्या चोविसाव्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट बसवते, आणि तयार झालेले २४-एस-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल मग रक्तात उतरते. या एन्झाइमचे जनुक १९९९ मध्ये क्लोन झाले. आज त्याचे रिकॉम्बिनंट, म्हणजे दुसऱ्या पेशींमध्ये जनुक घालून तयार केलेले, रूप विकत मिळते आणि सोलापुरात बसूनही त्यावर चांगले काम करता येते. मात्र विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये दरवर्षी त्याच त्या चुका पाहून मला वाईट वाटते.

सर्वांत महागात पडणारी चूक खरेदीच्या वेळीच होते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडील एका विद्यार्थिनीने यादीतील नाव आणि कमी किंमत एवढेच पाहून हे प्रथिन मागवले. जेलवर (प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या चाचणीत) पट्टा अगदी स्वच्छ आला, पण उत्पाद काही मिळेना. तिने बफर बदलला, सामू बदलला, तापमान बदलले, रात्री उशिरापर्यंत थांबून तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला, आणि यात चार महिने गेले. शेवटी मी कुपीसोबत आलेले माहितीपत्रक मागितले. मूळ प्रथिन ५०० अमिनो आम्लांचे असते. तिच्या कुपीत त्यातील एक लहान तुकडा होता, तोही अँटिबॉडीच्या कामासाठी अँटिजेन म्हणून तयार केलेला, आणि त्यात हीम हा लोह असलेला घटकच नव्हता. हीममधील लोह नसेल तर हे एन्झाइम ऑक्सिजनला हातच लावू शकत नाही. माहितीपत्रकात हे सर्व छापलेले होते, ते वाचायला दहा मिनिटे पुरली असती. तेव्हापासून ‘क्रियाशीलता तपासलेली आहे’ असे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर मी मागणीपत्रावर सही करत नाही. पेशीपटलात रुतणारे प्रथिनाचे सुरुवातीचे टोक काढून टाकलेले रूप मात्र चालते, कारण जिवाणूंमध्ये सक्रिय एन्झाइम मिळवण्यासाठी ते मुद्दामच तसे तयार करतात.

योग्य कुपी आली तरी ती पोचेपर्यंत प्रथिन टिकले आहे, असे गृहीत धरू नये. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर असतो, आणि शनिवारी आलेली पेटी कुरिअरच्या गोदामात सोमवारपर्यंत पडून राहिली, तर त्यातील कोरडा बर्फ उडून गेलेला असतो. म्हणून मी मागणी सोमवारी पाठवायला सांगते आणि पेटी उघडताच पहिले काम म्हणून कार्बन मोनॉक्साइड चाचणी करते: ताज्या सोडियम डायथायोनाइटने क्षपण करून (लोहाला इलेक्ट्रॉन देऊन), कार्बन मोनॉक्साइड सोडून प्रकाशशोषणाचा वर्णपट घेतला की सक्रिय एन्झाइमचे शिखर ४५० नॅनोमीटरवर दिसते, आणि ते ४२० वर सरकले असेल तर प्रथिन बिघडलेले असते. हा वायू विषारी आहे, तेव्हा हे काम धूरकपाटातच करावे. जेलवरील पट्टा केवळ प्रथिन आहे एवढेच सांगतो, आणि घाई करणारे नवशिके नेमके त्यावरच विसंबतात. चाचणीत उतरलेले एन्झाइम २० टक्के ग्लिसरॉलमध्ये लहान लहान कुप्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवावे. एकदा वितळलेली कुपी मी पुन्हा गोठवत नाही.

प्रथिन पकडण्यासाठी जोडलेल्या हिस्टिडीन टॅगवरून शुद्धीकरण केले असेल तर ते सोडवायला वापरलेले इमिडाझोल डायलिसिसने पूर्णपणे काढावे, कारण ते हीमच्या लोहालाच चिकटते. सायटोक्रोम पी४५० रिडक्टेज हे इलेक्ट्रॉन पोचवणारे जोडीदार प्रथिन घालायला विसरू नये. ते नसेल तर एनएडीपीएच या इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या रेणूचे इलेक्ट्रॉन एन्झाइमपर्यंत पोचतच नाहीत.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, ही गोष्ट सर्वांना पाठ असते, तरी इथेनॉलमधील द्रावण थेट बफरमध्ये ओतून गढूळ झालेल्या नळीत प्रयोग करणारे दरवर्षी भेटतातच. मी ते हायड्रॉक्सीप्रोपिल बीटा सायक्लोडेक्स्ट्रिन या, कोलेस्टेरॉलला पाण्यात धरून ठेवणाऱ्या साखरेसारख्या पदार्थात विरघळवते आणि द्रावण दर आठवड्याला नवे करते, कारण हवेतील ऑक्सिजनने कोलेस्टेरॉल आपोआप ऑक्सिडाइझ होते, आणि जुन्या बाटलीतील ७-कीटोकोलेस्टेरॉलसारखी संयुगे क्रोमॅटोग्रामवर (घटक वेगळे करून काढलेल्या आलेखावर) नको तिथे शिखरे दाखवतात. अशी शिखरे ओळखण्यासाठी एनएडीपीएच न घातलेली, म्हणजे एन्झाइम काम करू शकणार नाही अशी, एक नळी प्रत्येक वेळी सोबत ठेवावीच.

३४० नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणातून एनएडीपीएच किती कमी झाले, एवढ्यावरून क्रियाशीलता ठरवणे हा सोपा मार्ग मला मान्य नाही. पी४५० कुटुंबातील एन्झाइमांमध्ये बरेच इलेक्ट्रॉन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करण्यात वाया जातात, त्यामुळे मोजायचे ते उत्पादच. तेही मास स्पेक्ट्रोमेट्रीवर, ड्युटेरियमयुक्त अंतर्गत प्रमाणकासह (जड हायड्रोजन असलेला तोच रेणू ठरावीक मात्रेत मिसळून) मोजावे, आणि २४ व २५ या स्थानांवरील हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉलची शिखरे एकमेकांपासून नीट सुटतात, हे आधी दोन्ही शुद्ध नमुने सोडून पाहावे.