टिनाच्या शेडमधल्या वर्कशॉपात माळ्यावर खोली कशी बांधायची

वर्कशॉप जरा चाललं की खालची जागा ट्रॅक्टर, ट्रॉली आणि पेरणीयंत्रांनी भरून जाते. हिशेबाची वही, सुटे भाग ठेवायला आणि कारागिराला घटकाभर टेकायला खोली लागते, आणि वर टिनांखाली उंची रिकामी असते. तिथं माळा टाकणं सोपं आहे, फक्त तो शेडच्या खांबांना किंवा कैचीला, म्हणजे टिनं पेलणाऱ्या लोखंडी चौकटीला, टांगू नका. आयएस ८७५ या भारतीय मानकात, ज्या छपरावर कोणी चढत नाही त्याच्यासाठी चौरस मीटरला साधारण ७५ किलो भार धरलेला आहे. राहत्या खोलीच्या जमिनीसाठी तोच २०० किलो आहे. शिवाय अवकाळी वादळात अख्खं शेड डोलतं. त्याला बांधलेल्या खोलीच्या भिंती तडकतात, वेल्ड उकलतात. म्हणून खोलीला स्वतःचे चार खांब आणि स्वतःचा पाया द्या, आणि शेडला तिचा स्पर्शही होऊ देऊ नका.

माप ४ बाय ३ मीटर, म्हणजे सुमारे १३ बाय १० फूट, सोयीचं पडतं. लोखंडाची लांबी ६ मीटरची मिळते, तिचे ३ मीटरचे बरोबर दोन तुकडे होतात. उंची मात्र आधी मोजा. खाली डोकं वाचायला ८ फूट, लोखंड आणि बोर्डाचे ११ इंच, वरच्या खोलीला साडेसात फूट आणि तिच्या छतापासून टिनापर्यंत दीड फूट मोकळं, असे १८ फूट लागतात. कैची आडवी येत असेल तर तिचा खालचा पट्टा कापायचा नाही. खोलीच तिच्याखाली बसवा, नाहीतर नाद सोडा.

खरी मेहनत पाया घालण्यात आहे. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खोलीचा भार प्रत्येक खांबावर जेमतेम एक टन येतो, त्यामुळे इथं खांब खचण्यापेक्षा फुगलेल्या मातीने तो वर उचलला जाण्याची भीती जास्त. वर्कशॉपच्या चार इंची कोब्यावर खांब ठेवला तर पहिल्याच पावसाळ्यानंतर जिना वाकडा होतो आणि दार अडकतं. कोबा कटरने कापा, अडीच बाय अडीच फुटांचा खड्डा घ्या आणि मुरूम लागेपर्यंत खोदा. मुरूम वरच लागला तरी पाच फुटांपेक्षा कमी नको. काळी माती फार खोल असेल तर खाली घंटेसारखा फुगा असलेले काँक्रीटचे खोल खांब, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल, लागतात. ती पद्धत रूरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने याच मातीसाठी विकसित केली. ते काम इंजिनिअरकडून काढून घ्या.

शेडचे खांब जमिनीत गाडलेले असतील तर त्यांना वाऱ्यात उभं ठेवते ती भोवतालची घट्ट माती. त्यांच्या बुडाशी पाच फूट खड्डा खणला की तो आधारच गेला. त्यांच्यापासून किमान तीन फूट आत या, आणि एक खड्डा भरून झाल्यावरच दुसरा खणा. हे काम फेब्रुवारी ते मे दरम्यान उरका. उघड्या खड्ड्यात पाणी शिरलं की काळी माती चिखल होते.

तळाला ३ इंच बिनसळाखीचं कच्चं काँक्रीट, त्यावर १० मिमी सळाखीची जाळी दोन्ही दिशांनी ६ इंचांवर, आणि १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) चं एक फूट जाडीचं काँक्रीट. त्यातून एक बाय एक फुटाचा पेडस्टल, म्हणजे काँक्रीटचा आखूड खांब, वर काढा: १२ मिमीच्या चार सळाखी, ८ मिमीच्या रिंगा ६ इंचांवर. पेडस्टल कोब्याच्या वर ६ इंच ठेवा, म्हणजे धुण्याचं पाणी लोखंडाला लागत नाही. भरताना खणून काढलेली काळी माती परत टाकू नका. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात, पाणी मारून ठोका. पेडस्टल आणि कोबा यांच्यात एक इंच थर्माकोल ठेवला तर कोबा फुगला तरी खांबाला धरून उचलत नाही. पाणी किमान ७ दिवस मारा.

खांबांसाठी १०० बाय १०० बाय ४ मिमीचा चौकोनी पाइप, खाली २५० मिमीची १२ मिमी जाड बेस प्लेट आणि पेडस्टलमध्ये रोवलेले चार १६ मिमीचे जे-बोल्ट. लांब बाजूंना १५० मिमीचे दोन गर्डर, त्यांवर ३ मीटरचे ८ चॅनेल, १०० बाय ५० चे, दोन-दोन फुटांवर. शेवटचा गाळा थोडा लहान येईल. हे गणित ३५० किलो प्रति चौरस मीटर एकूण भारावर आहे, त्यातला २५० किलो माणसं आणि सामानाचा. ७५ चा चॅनेलही तुटणार नाही, पण भरल्या खोलीत मधोमध दीड सेंटिमीटर वाकतो आणि चालताना जमीन झुलते. १०० चा सहा मिलिमीटरच्या आत राहतो. लोखंड साधारण पावणेपाचशे किलो लागतं, त्यात तिरपे ताण, जिना आणि कठडा धरलेला नाही. गर्डरवर प्रत्येक चॅनेल दोन्ही बाजूंनी ३.१५ मिमीच्या रॉडने वेल्ड करा. नुसते टाके पुरत नाहीत. तिरपे ताण, म्हणजे खांबांमधले तिरके आधार, दोन दिशांनी हवेतच: ५० बाय ५० बाय ६ चा अँगल एका लांब आणि एका आखूड बाजूला. ते वगळले की जिना चढताना सगळा माळा हलतो, हीच तक्रार सर्वात जास्त येते.

इथं सोयाबीनची पोती रचायची असतील तर वरचं गणित लागू नाही. तीन थर रचले की चौरस मीटरला ४०० किलो सहज ओलांडतात. त्यासाठी मोठे सेक्शन आणि वेगळा हिशेब.

माळ्याच्या जमिनीला २० मिमी सिमेंट पार्टिकल बोर्ड (सिमेंट आणि लाकडाचा चुरा दाबून केलेला) घ्या. ८ बाय ४ चे पाच लागतात. एकेक पंचाहत्तर किलोच्या घरात भरतो, दोघं-तिघं लागतात. लांब बाजू चॅनेलवर आडवी, टोकांचे सांधे चॅनेलवर, आणि लांब सांध्याखाली ४० चा अँगल. सांध्यात ३ मिमी फट. प्लायवूड नको: ठिणगीने पेटतं आणि उधई लागते.

जिन्याला १५ पायऱ्या, उंची १८ सेंमी, पाऊल २५ सेंमी, रुंदी ३ फूट. आडवी साडेतीन मीटर जागा लागते, ती आधीच आखून ठेवा. जागा नाही म्हणून शिडी लावली की सामान घेऊन उतरताना माणूस पडतो. कठडा एक मीटर.

मे महिन्यात चंद्रपूर-नागपुरात पारा ४५ च्या वर जातो, आणि टिनाखालची हवा त्याहून तापलेली असते. गरम हवा आणि वेल्डिंगचा धूर वरच साचतात, म्हणून खोलीला आपलं छत हवंच. सिमेंट फायबर बोर्ड आणि त्यावर ५० मिमी रॉकवूल, म्हणजे उष्णता अडवणारी दगडी लोकर; थर्माकोल इथं अजिबात नको, तो जळताना विषारी धूर देतो. छताच्या वरची दीड फूट पोकळी दोन्ही टोकांना उघडी ठेवा आणि शेडच्या माथ्यावर फिरता व्हेंटिलेटर बसवा. खोली पश्चिमेच्या भिंतीपासून लांब ठेवा. टिनाला बाहेरून चुना किंवा पांढरा परावर्तक रंग दर उन्हाळ्यापूर्वी द्या.

वेल्डिंगचा ओटा आणि गॅस सिलिंडर खोलीच्या खाली ठेवू नका. तारांसाठी वेगळा एमसीबी (जादा प्रवाह आला की बंद पडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) घ्या. दाराशिवाय बाहेर पडता येईल अशी एक खिडकी, किमान अडीच फूट रुंद, जिन्याच्या उलट बाजूला काढा आणि तिला गज लावू नका.