श्रमदान की वेठ? गावपातळीवर काम करू पाहणाऱ्यांसाठी

पहिल्या श्रमदान शिबिराच्या आदल्या संध्याकाळी मी माणदेशातल्या एका गावात बौद्ध वस्तीत घरोघर फिरत होते. उद्या सकाळी सात वाजता ओढ्यावर यायचं, घमेली-फावडी संस्थेची, फक्त हात आपले, असं सगळ्यांना सांगत होते. समाजकार्याची पदवी घेऊन चारच महिने झाले होते. एका दारात शेंगा निवडत बसलेल्या आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि सूप खाली ठेवलं.

"फुकाट काम? माझ्या सासऱ्यानं जलमभर क्येलं. तराळकी. मेलेली ढोरं वढली, सांगावं न्हेलं, साहेबाच्या घोड्याम्होरं पळाला. बाबासाहेबांनी ती सोडवली. आन् आता तू आपलीच ल्येक, त्येच सांगाया आलीस?"

मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी वस्तीतून कुणीच आलं नाही. वरच्या आळीतली बारा-पंधरा तरुण मुलं आली, फोटो काढले, दुपारी पांगली. ओढ्याचा जो भाग आम्ही साफ केला, त्याच्या खाली ज्यांची शेतं होती ती त्याच मुलांच्या घरची होती. हे माझ्या लक्षात आलं ते आठवड्यानं, गावाचा नकाशा काढायला बसले तेव्हा.

या क्षेत्रात येणाऱ्या नव्या मुलामुलींना मी हा प्रसंग सगळ्यात आधी सांगते. महार वतनाखाली, म्हणजे वंशपरंपरेनं लादलेल्या गावचाकरीखाली, तराळकीसारखी गावकीची राबणूक पिढ्यान्‌पिढ्या चालली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं, आणि प्रत्यक्षात कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. ज्या घरात ही आठवण अजून ताजी आहे, त्या घराला 'श्रमदान' हा शब्द आपल्याला ऐकू येतो तसा ऐकू येत नाही. मी स्वतः बौद्ध घरातली. तरीही अभ्यासक्रमातून तो शब्द इतका स्वच्छ धुऊन माझ्या हाती आला होता की त्यामागची वेठ मला दिसलीच नाही.

माझं घर हा या गोष्टीचा दुसरा भाग. खादी घालणाऱ्या लोकांच्या संस्थेत मी नोकरी धरली म्हणून वडील महिनाभर माझ्याशी नीट बोलले नव्हते. जेवताना पुणे कराराचा विषय निघाला की ताटावरून उठायचे. उलट संस्थेत एक ज्येष्ठ कार्यकर्ते मला प्रेमानं समजवायचे, की आता जुनं विसरायला हवं. दोन्हीकडे माणसं चांगली होती, आणि दोघांनाही माझी काळजी होती. पण आजींच्या प्रश्नाचं उत्तर दोघांकडेही नव्हतं.

ते मला सापडलं श्रीलंकेत, म्हणजे तिथल्या सर्वोदय श्रमदान चळवळीच्या इतिहासात. कोलंबोच्या नालंदा विद्यालयातले शिक्षक ए. टी. अरियरत्ने १९५८ साली आपले विद्यार्थी आणि सहकारी घेऊन कनतोलुवा नावाच्या गावात राहायला गेले. ते गाव रोडिया समाजाचं होतं. सिंहली समाजाच्या उतरंडीत सगळ्यात खाली ढकललेला, भीक मागणं हाच धंदा म्हणून लादलेला समाज. तिथे शहरातली मुलं त्यांच्याबरोबर खणत होती, त्यांच्यात जेवत होती. त्या शिबिरातून पुढे जी चळवळ वाढली, ती पंधरा हजारांच्या आसपास गावांपर्यंत पोचली. मोरातुवाला तिचं मुख्य केंद्र आहे. अरियरत्ने २०२४ च्या एप्रिलमध्ये गेले.

मला जे उमगलं ते हे: कनतोलुवात घाम कुणाचा गाळला गेला, ते पाहा. वेठीत खालचा वरच्यासाठी राबतो. कनतोलुवात वरचा खालच्याच्या दारात, खालच्याच्या गरजेसाठी, त्याच्याबरोबर राबला. हत्यारं तीच, घाम तोच, पण दिशा उलटी. श्रमदान आणि वेठ यांच्यात एवढाच फरक आहे आणि तो फार मोठा आहे. आम्ही आमच्या ओढ्यावर नेमकी दिशाच चुकवली होती.

'सर्वोदय' हा शब्द गांधीजींनी १९०८ मध्ये रस्किनच्या लेखनाचा गुजरातीत सारांश करताना वापरला. अरियरत्ने भारतात येऊन विनोबांना भेटले होते, भूदान (भूमिहीनांना जमीन दान देणं) आणि ग्रामदान (गावानं जमीन ग्रामसभेच्या हाती सोपवणं) त्यांनी पाहिलं होतं. पण शब्द उचलताना त्यांनी 'उदय' म्हणजे जागृती, बुद्धाच्या अर्थानं जागं होणं, असा अर्थ धरला. चार आर्यसत्यंही त्यांनी गावाला लावली. गाव खचलेलं आहे, हे पहिलं सत्य. त्याला कारणं आहेत: स्वार्थ, स्पर्धा, फूट. ती दूर होऊ शकतात. आणि त्याचा मार्ग आहे. साधं वाटतं, पण गावबैठकीत हे चार प्रश्न याच क्रमानं विचारून बघा. आपल्याकडे बैठक बहुतेक वेळा चौथ्यापासूनच सुरू होते: योजना कोणती, निधी किती. कारणांवर कुणी बोलतच नाही, कारण कारणं बैठकीतच बसलेली असतात.

श्रीलंकेतल्या शिबिरांचा पाया म्हणजे बुद्धानं सांगितलेल्या चार संग्रहवस्तू, माणसं जोडून ठेवणाऱ्या चार गोष्टी: दान, प्रियवचन, अर्थचर्या (दुसऱ्याच्या हिताचं काम) आणि समानात्मता (सगळ्यांशी समान वागणं). आमच्या घरी विहारात हे शब्द वंदनेनंतरच्या प्रवचनात ऐकले होते. ते कामाच्या जागेवर उतरवता येतात हे मला माहीत नव्हतं. प्रियवचन म्हणजे गोड बोलणं, असं मी समजत होते. सर्वोदयच्या शिबिरात सगळे एकमेकांना आई, दादा, ताई अशी नात्यानं हाक मारतात, आणि तेही प्रियवचनच. आमच्या गावात वस्तीतल्या सत्तर वर्षांच्या माणसाला शाळकरी पोर 'आरं' म्हणायचं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

दुसरं शिबिर आम्ही सात महिन्यांनी घेतलं. काम ठरवलं वस्तीनं: गावापासून वस्तीपर्यंतचा अर्ध्या किलोमीटरचा रस्ता, जो पावसाळ्यात चिखलात जायचा आणि पोरांची शाळा बुडायची. बोलावणं वरच्या आळीला. अटी दोनच. हाक नात्यानं मारायची आणि पाणी एकाच रांजणातलं, वस्तीच्या हापशावरून भरलेलं. पहिल्या दिवशी वरच्या आळीतून अकरा जण आले. रांजण लिंबाखाली ठेवला होता. नऊ वाजेपर्यंत त्याला कुणी हात लावला नाही, तहान सगळ्यांना लागली होती हे दिसत होतं. मग एक निवृत्त शिक्षक उठले, तांब्या बुडवला, उभ्यानंच प्यायले आणि तांब्या पुढच्याच्या हातात दिला. कुणी काही बोललं नाही. दुपारपर्यंत रांजण दोनदा भरावा लागला.

त्याच दिवशी एकोणीस-वीस वर्षांच्या एका मुलानं वस्तीतल्या एका वृद्धांना हाक मारली, "नाना, ह्ये घमेलं धरता का?" नानांनी घमेलं धरलं, दोन पावलं गेले आणि थांबले. मागे वळून त्या मुलाकडे पाहत राहिले. मग परत चालू लागले. मी तेव्हा डायरीत फक्त 'नाना थांबले' एवढंच लिहिलं होतं. आजही ते पान उघडलं की घसा दाटतो.

इथे एक इशारा. अशा एका दिवसानं जात जात नाही. त्या अकरांपैकी तिघं दुसऱ्या दिवशी आले नाहीत, त्यांच्या घरी रात्री काय झालं असेल याची कल्पना करता येते. आणि रस्ता झाला म्हणून वस्तीला जमीन मिळाली नाही. भूदानाचा धडाही विसरू नका: १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी विनोबांकडे ऐंशी एकर मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर दिली, तो क्षण खरा आहे. पण पुढे दान मिळालेल्या जमिनीपैकी बरीचशी नापीक निघाली, बरीचशी वाटलीच गेली नाही, हेही खरं आहे. मन बदलणं आणि सातबारा बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही शिका. तलाठी कार्यालयात जायला लाजू नका.

निर्णय कसे घ्यायचे, हा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा थांबते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं की भारताला संसदीय पद्धत नवी नाही, भिक्खूसंघांमध्ये बसण्याच्या व्यवस्थेपासून ठराव, गणपूर्ती, मतमोजणी आणि निंदाव्यंजक ठरावापर्यंत सगळे नियम होते. संघात प्रस्ताव मांडून पुन्हा पुन्हा विचारला जाई आणि सगळे मौन राहिले तर संमती मानली जाई. आता गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाकडे बघा. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. तिथे ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीनं होतो, एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढे ढकलतात. निर्णयाआधी विषय समजून घ्यायला अभ्यासगट बसतो. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, २०१३ मध्ये गावानं ग्रामदान स्वीकारलं. गांधीजींचं ग्रामस्वराज्य आणि भिक्खूसंघ, या दोन्ही परंपरा इथे एकाच सतरंजीवर बसलेल्या दिसतात.

पण मौन म्हणजे संमती, हे आपल्या बहुजातीय गावात जसंच्या तसं चालवू नका. संघात येणारा जात बाहेर ठेवून यायचा. आपल्या ग्रामसभेत बाई गप्प असते ती पदर सावरत, आणि मजूर गप्प असतो कारण उद्या त्यालाच कामाला जायचं असतं. म्हणून मी आधी वस्त्यांच्या वेगळ्या बैठका घेते. महिला ग्रामसभा तर कायद्यानंच मुख्य सभेआधी घ्यायची असते, ती कागदावर उरकू देऊ नका. वस्तीत एकदा ठरलं की मोठ्या सभेत बोलणाऱ्याच्या पाठीशी दहा माणसं असतात.

वाचनाबद्दल. गांधी आणि आंबेडकर दोघांना मुळातून वाचा, दुसऱ्याच्या सारांशातून नको. आणि घाईनं समेट करू नका. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्यात पुणे कराराच्या वेळी जे झालं ते दुखतं, आणि त्या दुखण्यावर 'दोघांचंही ध्येय एकच होतं' अशी फुंकर घालणारा कार्यकर्ता वस्तीत विश्वास गमावतो. मी वडिलांशी यावर कधीच वाद जिंकले नाही, जिंकायचेही नव्हते. पण २५ डिसेंबर १९२७ ला महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या मंडपात गांधीजींचा फोटो लावलेला होता, हे मी एकदा त्यांना दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे अपेक्षा होती, म्हणून तर राग." एवढं वाक्य मला पुरलं. सेवाग्रामला गेलात तर सायंप्रार्थनेला बसा. तिची सुरुवात 'नम्यो हो रेंगे क्यो' या जपानी बौद्ध मंत्रानं होते. फुजी गुरुजी हे जपानी भिक्खू वर्ध्याला आले होते, त्यांच्या संघाकडून तो आश्रमात आला. मला तो पहिल्यांदा ऐकताना आपलं घर आणि आपली नोकरी एका श्वासात आल्यासारखं वाटलं होतं.

आता पोटापाण्याचं. पहिल्या संस्थेत माझा पगार तीन महिने रखडला आणि विचारल्यावर 'आपण अपरिग्रही माणसं' असं उत्तर मिळालं. अपरिग्रह, म्हणजे गरजेपेक्षा जास्त न साठवणं, हे स्वतः घ्यायचं व्रत आहे, ते दुसऱ्याच्या पगारावर लादता येत नाही. नियुक्तीपत्र, पगाराची तारीख, प्रवासखर्च, भविष्य निर्वाह निधी हे पहिल्या दिवशी लेखी मागा. मागताना आपण कमी सेवाभावी ठरतो असं वाटेल, तरी मागा. घरून मदत नसलेल्या मुलामुलींना हे क्षेत्र सोडावं लागतं ते बहुतेक याच कारणानं, आणि नेमकी तीच मुलं इथे हवी असतात.

हाच न्याय गावालाही लावा. जे काम रोजगार हमीत बसतं, ते श्रमदानातून करून घेऊ नका. रोजगार हमीचा १९७७ चा कायदा महाराष्ट्रानं केला, आणि तिची कल्पना मांडणारे वि. स. पागे स्वतः गांधीविचाराचे होते. तासगावकडच्या विसापुरात त्यांनी ती आधी करून पाहिली. मजुराला कामाचा दाम हक्कानं मिळावा, हेही त्याच परंपरेचं देणं आहे. शेततळं, बांध, वृक्षलागवड ही कामं निघाली की आधी लेखी अर्ज करून कामाची मागणी करा, मस्टर (हजेरीपत्रक) तपासा. श्रमदान राखून ठेवा त्या कामासाठी, जिथे पैशापेक्षा माणसांनी एकत्र येणं मोलाचं आहे.

पहिले सहा महिने कुठलाही उपक्रम सुरू करू नका, असा माझा आग्रह असतो. नकाशा काढा, पाणी कोण कुठून भरतं ते बघा, मयतीला आणि बारशाला जा. हिशोब लिहायला शिका.

आणि थकवा येईल. मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखानं सुखावणं), उपेक्षा या बौद्ध परंपरेतल्या चार ब्रह्मविहारांपैकी, म्हणजे मनाच्या चार वृत्तींपैकी, करुणा घेऊनच आपण येतो, तीच पहिल्यांदा आटते. मला तारलं ते मुदितेनं. शेजारच्या गावात दुसऱ्या संघटनेनं जमिनीचा लढा जिंकला, तेव्हा आत कुठेतरी बोचलं. मग मुद्दाम त्यांच्या मिरवणुकीत गेले, बायांबरोबर नाचले. उपेक्षा अजून शिकते आहे. ती बेफिकिरी नव्हे, काम बिघडलं तरी माणसावरचा लोभ न सुटणं असं काहीसं तिचं रूप असावं.

आजी रस्त्याच्या कामालाही पहिल्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी काठी टेकत आल्या, दगडावर बसल्या आणि वरच्या आळीची मुलं मुरूम टाकत होती ते बघत राहिल्या. कुणीतरी त्यांना रांजणातलं पाणी नेऊन दिलं. त्या आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, दिसायला कमी झालंय. नव्या शिबिराचं सांगायला गेले की अजूनही आधी एकच विचारतात, "काम कुणाच्या दारात हाय, आन् यायचं कोन कोन?"