सीईओंच्या एक्झिक्युटिव्ह असिस्टंट आहात? या चुका टाळा

कॅलेंडरमध्ये जागा मोकळी दिसली की तिथे मीटिंग टाकायची, ही या नोकरीतली सगळ्यात महागात पडणारी सवय. सुरुवातीचं वर्षभर मी हेच करत होते. दिवस गच्च भरलेला दिसला की आपलं काम चोख झालं असं वाटायचं. प्रत्यक्षात तिसऱ्या मीटिंगपासूनच उशीर व्हायला लागायचा, आणि ज्या निर्णयासाठी शांत डोकं हवं तो संध्याकाळी नेमका पुढे ढकलला जायचा. आता मी अर्ध्या तासाची मीटिंग 25 मिनिटांची आणि तासाची 50 मिनिटांची लावते. संचालक मंडळाच्या बैठकीआधी कागद वाचायला दोन तास राखून ठेवते. वेळ मागणाऱ्याला ‘कधी हवी’ याआधी ‘कशासाठी हवी’ हे विचारा. निर्णय नको असेल, नुसती माहितीच द्यायची असेल, तर एक पानाचं टिपण पुरतं.

दुसरी चूक सहज नजरेत येत नाही, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त लिहिते. ‘सरांना हे आजच हवंय’ असं आपण म्हटलं की समोरचा हातातलं काम टाकून धावतो. पण सरांनी ‘आज’ म्हटलं होतं का? की उद्याची धावपळ टाळायला तो शब्द आपण घातला? हा अधिकार उसना आहे. तो दोन-चारदा असा वापरला गेला की लोकांच्या लक्षात येतं आणि मग खरोखर तातडीचं काम असतं तेव्हाही ते रेंगाळतं. त्याहून वाईट म्हणजे विभागप्रमुख तुमच्याशी मोकळेपणाने बोलणं थांबवतात, आणि कुठे काय अडलंय हे सीईओंच्या कानावर वेळेत जात नाही. मागणी त्यांची असेल तर तसं सांगा, तुमची असेल तर ‘मला परवापर्यंत मिळालं तर बरं’ असं म्हणा. त्यांच्या मेलबॉक्समधून तुम्ही उत्तर पाठवत असाल तर खाली स्वतःचं नाव घाला.

आंतरराष्ट्रीय कॉलची वेळ अचानक चुकायला लागली तर आधी महिना बघा. उन्हाळ्यासाठी अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क आणि लंडनमधलं अंतर पाचऐवजी चार तासांचं असतं. घड्याळं परत मागे घेताना, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत, पुन्हा तसंच. दर आठवड्याला होणाऱ्या मीटिंगा या काळात एकेक करून तपासा आणि निमंत्रणात वेळेपुढे शहराचं नाव लिहा.

प्रवासाच्या बाबतीत पासपोर्टची मुदत तिकीट काढण्याआधी बघायची. अनेक देशांना तो पुढचे सहा महिने वैध असलेला लागतो. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या.

गुप्तता बहुतेक वेळा मीटिंगच्या शीर्षकातून फुटते. कंपनी विकत घेण्याची बोलणी किंवा वरिष्ठ पदासाठीची मुलाखत कॅलेंडरवर स्पष्ट लिहिली, की ज्याला ते कॅलेंडर दिसतं त्याला सगळं कळतं. शीर्षक साधं ठेवा आणि तपशील वेगळा पाठवा. स्क्रीन शेअर करण्याआधी मेलची सूचना बंद करायला विसरू नका.

‘मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस, हे पेमेंट लगेच कर’ असा मेल सीईओंच्या नावाने आला तर हात आवरा. फसवणारे असिस्टंटलाच गाठतात, कारण ती बॉसला नाही म्हणणार नाही हे त्यांना ठाऊक असतं. त्या मेलला उत्तर देऊ नका, त्यात दिलेल्या नंबरवरही फोन करू नका. तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर विचारा. हल्ली आवाजाचीही नक्कल होते, त्यामुळे नुसत्या निरोपावर पैसे पाठवायचे नाहीत, हे सीईओंशी आधीच ठरवून ठेवा.

आणि चूक झालीच, समजा एकाच वेळी दोन मीटिंगा लागल्या, तर ते सीईओंना बाहेरून कळण्याआधी तुम्ही सांगा. जाताना कोणती मीटिंग हलवता येईल, तिच्यासाठी पुढच्या कोणत्या दोन वेळा मोकळ्या आहेत आणि माफीचा मेल कोणाला जायला हवा, हे कागदावर लिहूनच त्यांच्या केबिनमध्ये जा.