कच्च्या वाटांसाठी कॅम्परगाडी बांधण्यापूर्वी: गोव्यात बसून करायची आखणी

खडबडीत वाटांवर नेता येईल आणि आठवडेच्या आठवडे राहता येईल अशी कॅम्परगाडी स्वतः बांधायची ठरली की बहुतेकजण सोयींच्या यादीपासून सुरुवात करतात, आणि पलंग, फ्रीज, शॉवर, सोलर पॅनल अशी ती यादी वाढतच जाते. गोव्यात राहणाऱ्याने त्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही गाडी वर्षातले काही आठवडे स्पितीच्या किंवा कच्छच्या वाटेवर असेल. उरलेला सगळा काळ ती डिचोलीतल्या किंवा काणकोणातल्या एखाद्या अंगणात, दमट हवेत आणि वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पडणाऱ्या पावसात उभी असेल. म्हणून प्रत्येक सोयीची परीक्षा दोन प्रश्नांनी करावी: तिचे वजन किती, आणि पावसाळाभर उभ्या गाडीत ती टिकेल का?

पहिला निर्णय मात्र कागदपत्रांचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांहून वेगळे ठरतील असे बदल मालकाला मनाप्रमाणे करता येत नाहीत. मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाड्यांसाठी, एआयएस-१२४ हे वाहन उद्योगाचे स्वतंत्र मानक आहे. तेव्हा पत्रा कापण्यापूर्वी आराखडा घेऊन वाहतूक खात्याच्या कार्यालयात जावे, कोणता बदल मंजूर होईल हे लेखी घ्यावे आणि विमा कंपनीलाही कळवावे. फोर्स कंपनीच्या गुरखासारखी बंद फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेऊन आतल्या आत झोपण्याची व स्वयंपाकाची सोय केली, तर जागा कमी मिळते, पण राहण्यासाठी वेगळा खोका बांधण्याची सगळी कटकट वाचते. दोन माणसांसाठी मला तोच मार्ग शहाणपणाचा वाटतो. पुढचे विवेचन मुख्यतः पिकअपच्या चासीवर (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर) खोका बसवणाऱ्यांसाठी आहे.

वजनाचा हिशेब आराखड्याच्या पहिल्या पानावर हवा. समजा गाडीची भारक्षमता १,००० किलो आहे. त्यात खोका ४०० किलो, पाणी १०० लिटर म्हणजेच १०० किलो, दोन माणसे १४०, बॅटरी, पॅनल व वायरिंग ८०, फ्रीज, शेगडी, सिलिंडर व भांडी ८० आणि जास्तीचे चाक, जॅक, ओढण्याचा पट्टा व हत्यारे मिळून १०० किलो धरले, तर ९०० किलो तिथेच संपतात. कपडे, धान्य, खुर्च्या आणि ताडपत्री अजून मोजलेलीच नाहीत. कागदावरचे आकडे नेहमी कमी भरतात, म्हणून निदान दहावा हिस्सा राखून ठेवावा. बांधकामाच्या प्रत्येक टप्प्यावर गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि पुढचा व मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलावा, कारण एकूण वजन मर्यादेत असूनही मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर जादा भार आलेला असू शकतो. पाण्याची टाकी दोन्ही ॲक्सलांच्या मधोमध आणि शक्य तितकी खाली बसवावी.

चासी पिळवटते, खोका पिळवटत नाही. नवशिक्याच्या आराखड्यात बहुधा हेच सुटते. ओढ्यातून जाताना एक चाक दगडावर आणि त्याच्या तिरक्या कोपऱ्यातले चाक खड्ड्यात गेले की लोखंडी चासी वळते. तिच्यावर खोका सगळीकडून घट्ट आवळलेला असेल, तर कोपऱ्यांना तडे जातात आणि दार अडकू लागते. त्यासाठी खोक्याखाली स्वतंत्र सब-फ्रेम (खोक्याची स्वतःची चौकट) द्यावी, ती मागच्या बाजूस पक्की बसवावी आणि पुढच्या बाजूस स्प्रिंग घातलेल्या बोल्टांवर धरावी, म्हणजे चासी वळली तरी सब-फ्रेम थोडी उचलली जाऊन सरळ राहते. चाचणी घरच्या घरी होते: सपाट जागेवर एका पुढच्या चाकाखाली आणि तिरक्या कोपऱ्यातल्या मागच्या चाकाखाली चिरे रचून त्यांवर गाडी सावकाश चढवावी आणि केबिन व खोक्यामधील फट चारी ठिकाणी मोजावी. सर्वांत अरुंद फटीतही बोटे सहज शिरली पाहिजेत.

भिंतींच्या बाबतीत गोवेकर भाग्यवान आहेत, कारण मांडवी आणि झुआरीच्या काठांवर फायबरच्या होड्या बांधणारे कारागीर आहेत आणि खाऱ्या हवेत काय टिकते हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. दोन्ही बाजूंना फायबर आणि मध्ये ३० ते ५० मिलिमीटर फोम असा थर हलका असतो, उष्णता अडवतो आणि कुजत नाही. मात्र जिथे बोल्ट आरपार जाणार असेल, तिथला फोम काढून भरीव ठोकळा घालावा. नाहीतर बोल्ट आवळताना फोम चेपतो, फट पडते आणि पाणी आत मुरते. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना थेट टेकवू नयेत, मध्ये रबर किंवा प्लास्टिकची पट्टी घालावी. साध्या प्लायचे फर्निचर दोन पावसाळ्यांत फुगते, म्हणून मरीन प्लाय वापरावा व कापलेल्या कडा इपॉक्सीने बंद कराव्यात. गादीखाली सलग फळीऐवजी पट्ट्या ठोकाव्यात, कारण श्वासाची वाफ गादीखाली साचली की बुरशी आलीच.

विजेचा सगळा आराखडा एका प्रश्नावर ठरतो: एसी हवा का? कॉम्प्रेसर फ्रीज उन्हाळ्यात दिवसाला साधारण ५०० ते ६०० वॅट-तास घेतो. पंखे, दिवे आणि मोबाइल धरून हिशेब हजाराच्या आसपास जातो. बारा व्होल्टची २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सुमारे २,५०० वॅट-तास साठवते, म्हणजे ढगाळ दोन दिवस निभतात. हजार वॅटचा एसी मात्र रात्रभरात हीच बॅटरी रिकामी करून वर आणखी मागेल. माझ्या मते छताला हवा बाहेर काढणारा पंखा, समोरासमोर जाळीच्या खिडक्या आणि सावलीत गाडी लावण्याची सवय एवढ्यावर एसी टाळावा. डोंगरात जाणाऱ्यांनी हेही पाहावे की ही बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करता येत नाही. ती खोक्याच्या आत ठेवावी व थंडीत चार्जिंग आपोआप थांबवणारी बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) घ्यावी. बॅटरीपासून निघणाऱ्या मुख्य वायरीवर, बॅटरीलगतच, फ्यूज हवा.

स्वयंपाकघर आपल्या ताटावरून ठरवावे. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि तेवढ्या उंचीवर पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळते, तेव्हा उकड्या तांदळाची पेज ज्यांना हवीच, त्यांनी प्रेशर कुकरची जागा आधी राखावी. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने सिलिंडरचा कप्पा आतून हवाबंद ठेवावा आणि त्याच्या तळाशी बाहेर उघडणारे भोक द्यावे. एलपीजीतील ब्यूटेन शून्याच्या आसपास वायुरूप होणे थांबवतो, त्यामुळे थंडीत शेगडी मंदावते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म यादीतून कधीही वगळू नये. शौचालयासाठी काढून रिकामी करता येणारी छोटी टाकी (कॅसेट) पुरते.

उंची आणि रुंदी ठरवताना नकाशापेक्षा आपली गल्ली पाहावी: फणसाची वाकलेली फांदी, विजेच्या लोंबत्या तारा, रेल्वेखालची मोरी. मागचा भाग चाकांपलीकडे फार लांबवला, तर फेरीबोटीच्या उतारावर तोच आधी घासतो.

सगळे पक्के करण्यापूर्वी पलंग, शेगडी आणि पाणी एवढ्यावरच चोर्ला घाटाच्या बाजूला, जागामालकाला विचारून, काही रात्री काढाव्यात. किनाऱ्यावर वाहन उतरवण्यास बंदी आहे आणि अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीविना मुक्काम होत नाही, तेव्हा जागा आधीच ठरवावी. ताडपत्री, बाहेरचा शॉवर, जास्तीचे खण हे सारे त्यानंतर ठरवावे. त्यासाठी भिंतीत काही भरीव ठोकळे आणि छताच्या कडेने वायरीचा एक रिकामा पाइप मात्र बांधतानाच टाकून ठेवावा.