डॅटसन २४०झेड घरी नव्याने उभी करताय? या चुका टाळा

लांब बॉनेट, मागे उतरत गेलेलं छप्पर, पुढे सहा सिलिंडरांचं इंजिन. अशी गाडी दारात आली की हात आधी बॉनेटच्या खटक्याकडे जातो. बॅटरी जोडायची, पेट्रोल ओतायचं, स्टार्टर मारायचा. इंजिन फुरफुरलं की वाटतं, निम्मं काम झालं. मग रंगाचे नमुने मागवले जातात, चाकं बघितली जातात आणि दोन वर्षांनी तीच गाडी सुट्या भागांच्या खोक्यांसकट विकायला निघते. या गाड्या वयापेक्षा मालकाच्या घाईने जास्त वाया जातात. घाईत कामाचा क्रम उलटा होतो. खरा क्रम असा: आधी पत्रा, मग ब्रेक, मग वायरिंग, मग इंजिन आणि रंग सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळला असता तर पुढच्या बहुतेक चुका झाल्याच नसत्या.

मी न्यू जर्सीत असतो. १९७२ सालची २४०झेड गेली आठ वर्षं माझ्याकडे आहे. शनिवार-रविवार आणि थंडीतल्या संध्याकाळी तिच्यावर काम चालतं. खाली दिलेल्या काही चुका मी स्वतः केल्या आहेत, काही ओळखीच्यांच्या गाड्या उघडताना सापडल्या.

रंग बघून गाडी घेणं

ही गाडी ऑक्टोबर १९६९ मध्ये जपानमध्ये निसान फेअरलेडी झेड म्हणून आली. निसानचा अमेरिकेतला कारभार पाहणाऱ्या युताका कातायामांना ते नाव इथल्या गिऱ्हाइकासाठी पटलं नाही, म्हणून इथे ती डॅटसन २४०झेड झाली. किंमत ३,५२६ डॉलर. तेवढ्यात २,३९३ सीसीचं सहा सिलिंडरांचं इंजिन आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन मिळत होतं, त्यामुळे लोकांनी ती घेतली आणि रोज चालवली. रोज म्हणजे हिवाळ्यातही, बर्फावर मीठ टाकलेल्या रस्त्यांवरून. हिचा पत्रा पातळ, गंजरोधक थर आजच्या मानाने नावापुरता आणि पाणी-चिखल साचून राहील अशा पोकळ जागा भरपूर. पन्नास वर्षांनंतर वरून चकचकीत दिसणारी गाडी आतून पोखरलेली असणं इथे अगदी नेहमीचं आहे.

पहिल्यांदा बॅटरीचा ट्रे बघा. ॲसिड ठिबकून ट्रे खातं, मग त्याच्याखालची रेल खातं. मग गालिचे उचला. फ्लोअरवर डांबरी मॅट चिकटवलेली असते, तिच्याखाली गंज वर्षानुवर्षं लपून राहतो. गाडीखाली झोपून फ्लोअरला जोडलेल्या लांब रेल बघा. पुढच्या मडगार्डचा मागचा खालचा कोपरा, दार आणि मागचं चाक यांच्यामधला पत्रा, डिकीचं झाकण जिथे आपटतं ती पट्टी आणि काचेखालच्या जाळीच्या आतली पाण्याची वाट, या जागा कुणी कितीही शपथा घेतल्या तरी स्वतः तपासा.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. बोटांच्या पेरांनी टकटक करत पुढे जा. चांगला पत्रा खणखणतो, लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरलेला पत्रा बद्द वाजतो. रुमालात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे रंगाखाली पत्रा नाही, लांबी आहे. मी गाडी घेतली तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूला दाराखालच्या पट्टीवर चुंबक वीतभर जागेत कुठेच धरेना. ती जागा खरवडली तेव्हा आतून लांबी, तिच्याखाली फायबरची जाळी आणि त्याच्याही आत चक्क वर्तमानपत्राचा बोळा निघाला.

गंज कापताना आणखी एक चूक होते. उत्साहाच्या भरात दोन्ही बाजूंचे सिल (दाराखालच्या पट्ट्या) आणि फ्लोअर एकदम कापून टाकतात. या गाडीला वेगळी चेसी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. दोन्ही बाजू एकदम मोकळ्या केल्या की सांगाडा मधोमध खचतो आणि नवा पत्रा तसाच वेल्ड झाला की दार पुन्हा नीट बसत नाही. म्हणून दाराच्या चौकटीत आडवे पाइप टाकून आधी ती बांधा, एका वेळी एकच बाजू कापा आणि दर टप्प्याला दाराची फट मोजून लिहून ठेवा. वेल्डिंग एका दमात ओढू नका. एक टाका इथे, पुढचा हातभर लांब, मधे पत्रा थंड होऊ द्या. सलग वेल्ड मारला की पत्रा पापडासारखा वाकतो.

अडकलं की हातोडा

मागच्या सस्पेन्शनमध्ये खालच्या आर्मला स्ट्रटशी (शॉक ॲब्सॉर्बरच्या खांबाशी) जोडणारी एक लांब पिन असते, स्पिंडल पिन. ती आपल्या घरात गंजून असा काही संसार मांडते की बाहेर यायचं नाव घेत नाही. बुश बदलायला घेतलेली कित्येक कामं या पिनेपाशी येऊन थांबतात.

माझे बाबा इचलकरंजीत आयुष्यभर लेथवर उभे राहिले. पिन तीन दिवस हलेना तेव्हा मी त्यांना फोन केला.

“बाबा, मोठा हातोडा आणू का?”

“आटे जिवंत आहेत का अजून?”

“आहेत.”

“मग हातोडा खाली ठेव. ती ठोकून नाही निघत, ओढून काढायची. टोकावर घण बसला की आटे मेले, आणि आटे मेले की धरायला काहीच उरत नाही.”

त्यांनी ही गाडी कधी पाहिलेली नव्हती, पण सांगितलं ते तंतोतंत खरं होतं. आधी मधोमध बसलेला छोटा लॉक बोल्ट काढायचा. कित्येकांना तो दिसतच नाही आणि ते अडकवलेल्या पिनेशीच झटापट करत बसतात. मग गंज सुटायचं तेल दिवसातून दोनदा असं चार-पाच दिवस घालायचं. मग पिनेवर जाड नळीचा तुकडा चढवायचा, त्यावर वॉशर आणि लांब नट लावून हळूहळू आवळायचं. नट आवळत जाईल तशी पिन नळीत ओढली जाते. माझी उजवीकडची पिन अशी निघाली. डावीकडची नाही निघाली. ती दोन्ही बाजूंनी करवतीने कापून स्ट्रट मशीन शॉपला नेला आणि तिथल्या हायड्रॉलिक प्रेसने आतला तुकडा बाहेर काढला. त्या प्रेसवरही ती सुटली तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला. नवी पिन बसवताना अँटी-सीझ ग्रीस लावा, पुढच्या माणसाचे दिवस वाचतील. तिच्यावरची खाच लॉक बोल्टच्या समोर येईल अशी फिरवून घ्या.

आणि गाडीखाली शिरताना ती घोड्यांवरच (गाडी पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवरच) हवी. नुसत्या जॅकच्या भरवशावर एक मिनिटही नाही.

पाचर न मारता हेड काढणं

या इंजिनाची ही खास खोड आहे आणि मी तिच्यात पुरता अडकलो. हेड म्हणजे सिलिंडरांवरचा इंजिनाचा भाग. त्याच्याखालचं गॅस्केट बदलायचं म्हणून मी कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) दातेरी चाक सोडवलं. चेन सैल पडली आणि खालून ‘टिक’ असा बारीक आवाज आला. चेन ताणून धरणारा टेन्शनर इंजिनाच्या पुढच्या झाकणाआड असतो. चेन ढिली होताच त्याची स्प्रिंगवरची दांडी बाहेर उडते. ती परत आत घालायची तर रेडिएटर, पंखा, पुली आणि पुढचं झाकण सगळं उतरवावं लागतं. दुपारभराच्या कामाला माझे तीन आठवडे गेले.

उपाय एका लाकडाच्या तुकड्याचा आहे. चाक सोडवण्याआधी लांब, निमुळती लाकडी पाचर वरून चेनच्या दोन पदरांमध्ये घट्ट बसवायची. पाचरीला दोरी किंवा तार बांधून ठेवा, नाहीतर ती आत पडेल. चेनची कडी आणि चाकाचा दात यांवर पांढऱ्या रंगाची खूण करा. हेड परत बसवताना बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत आवळा.

दोष प्लग-पॉइंटचा, शिक्षा कार्बोरेटरला

गाडी अडखळते, पिकअप देत नाही, एखादा प्लग काळा पडतो. लगेच कार्बोरेटर उघडले जातात. २४०झेडला हिताचीचे दोन एसयू पद्धतीचे कार्बोरेटर असतात आणि ते मुळात फार साधे, प्रामाणिक यंत्र आहे. कार्बोरेटरला हात लावण्याआधी या क्रमाने जा.

थंड इंजिनावर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, बघा: इनटेक ०.२० मिलिमीटर, एक्झॉस्ट ०.२५. मग पॉइंटची (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काची) फट, कंडेन्सर आणि टायमिंग. फायरिंग क्रम १-५-३-६-२-४ आहे आणि प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या उलट फिरतो. हे लक्षात न घेतल्याने दोन वायरींची अदलाबदल झालेली गाडी मी पाहिली आहे, तिचा मालक महिनाभर जेट साफ करत होता. मग मॅनिफोल्डच्या जोडांतून हवा आत शिरते का ते बघा. एवढं सगळं ठीक निघालं तरच कार्बोरेटर.

तिथेही आधी वरचं काळं टोपण फिरवून काढा आणि आत ऑइल आहे का बघा. एसएई २० ग्रेडचं पातळ ऑइल लागतं. ते आटलेलं असलं की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी गचका खाते, आणि अशा गचक्यावर लोकांनी शेकडो डॉलरचे नवे कार्बोरेटर घेतलेत. पिस्टन बोटाने उचलून सोडा, तो सरळ खाली येऊन ‘टक’ वाजला पाहिजे. मिक्श्चरचा नट पूर्ण वर नेऊन अडीच फेरे खाली आणला की सुरुवातीची जागा मिळते. दोन्ही कार्बोरेटरांची हवा सारखी करायला मीटर मिळतो, पण रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी आणि दुसरं कानाशी धरून दोन्हीकडचा सूर सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवला तरी काम चोख होतं.

वायरिंग

हेडलाइट मिणमिणते दिसले की जास्त वॅटचे बल्ब टाकू नका. या गाडीत हेडलाइटला रिले नाहीत, सगळा करंट स्टिअरिंगवरच्या स्विचमधून जातो. मोठे बल्ब टाकले की स्विच वितळतो. पार्किंग लाइटच्या फ्यूजपाशी फ्यूजबॉक्स जळून तपकिरी झालेला असतोच, तोही बघा. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर आणि बल्बच्या पिनेवर व्होल्टेज मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर मधे कुठेतरी कनेक्शन खराब आहे. बहुतेक वेळा अर्थिंगच्या स्क्रूखालचा गंज घासला तरी फरक पडतो. त्यानंतर रिले लावा. जास्त अँपिअरचा अल्टरनेटर घालायचा असेल तर हेही ध्यानात ठेवा की मूळ अँमीटरमधून चार्जिंगचा करंट थेट डॅशबोर्डच्या आत फिरून येतो. त्या जाड वायरी आणि त्यांची कनेक्शनं आधी तपासल्याशिवाय तो भार टाकू नका.

मॉडिफिकेशन: परत जोडता येईल तेवढंच कापा

१९७१ मध्ये जपानमध्ये २४०झेडजी निघाली, लांब नाक आणि चाकांवर बोल्टने बसवलेले रुंद फ्लेअर. तिच्यासारखे फ्लेअर आज सगळ्यांना हवे असतात. ते दिसतातही सुंदर. पण ते नीट बसायला मूळ चाकाच्या कमानीचा पत्रा कापावा लागतो आणि कापलेली कमान पुन्हा मूळसारखी होत नाही. गाडी आधीच तिथे गंजलेली असेल तर खुशाल लावा. धडधाकट कमानीवर करवत चालवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. स्प्रिंगचे वेटोळे कापून गाडी खाली बसवणं तर कधीच नको. योग्य उंचीच्या स्प्रिंग विकत मिळतात.

ब्रेक वाढवताना लोक पुढे मोठे चार पिस्टनचे कॅलिपर बसवतात आणि मास्टर सिलिंडर जुना, सात-अष्टमांश इंचाचा ठेवतात. मोठ्या पिस्टनांना जास्त तेल लागतं, म्हणून पॅडल खोल जातं आणि मालकाला वाटतं ब्रेकमध्ये हवा आहे. मग तो चार-चार वेळा ब्लीड करत, म्हणजे हवा काढत, बसतो. मास्टर सिलिंडर पंधरा-सोळांश इंचाचा घातला की पॅडल वर येतं. तीन मोठे साइडड्राफ्ट कार्बोरेटरही असेच. इंजिन आणि कॅम मूळचेच असतील तर आवाज वाढतो, पेट्रोल वाढतं, गाडी फारशी पळत नाही.

केबिनमधला वास

वास दोन असतात आणि ते वेगळे ओळखायला हवेत. धावताना धुराचा वास येत असेल तर सायलेन्सरपेक्षा मागचं दार बघा. या आकाराच्या गाडीमागे हवेचा दाब कमी होतो, धूर तिथे घुटमळतो आणि डिकीच्या रबरातून, टेललाइटच्या गॅस्केटमधून आत ओढला जातो. रात्री अंधारात कुणाला तरी आत टॉर्च घेऊन बसवा आणि बाहेरून कुठे उजेड फुटतो ते पाहा. हे काम टाळू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गाडी उभी असताना पेट्रोलचा वास येत असेल तर मागच्या बाजूच्या प्लॅस्टिक पॅनेलआड टाकीची वाफ वाहून नेणाऱ्या रबरी नळ्या असतात, त्या पन्नास वर्षांत तडकलेल्या असतात. माझ्या गाडीतली एक नळी वाकवताच बिस्किटासारखी तुटली. सगळ्या एकदम बदला आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकणाऱ्याच घ्या.

माझी गाडी अजून राखाडी आहे. साधा प्रायमर ओल शोषतो आणि त्याच्याखाली पुन्हा गंज धरतो, म्हणून पत्र्याचं काम झालं त्याच आठवड्यात एपॉक्सी प्रायमर मारून घेतला. ब्रेक, वायरिंग आणि इंजिन संपलं, दाराची फट दोन्हीकडे सारखी आली. रंग मे महिन्यात.