पारदर्शक गिटारचा तुटणारा आवाज

१९६९ ते १९७१ दरम्यान निघालेल्या अ‍ॅम्पेग डॅन आर्मस्ट्राँग गिटारची बॉडी लाकडाची नाही, पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची आहे. पिकअपही (तारांची कंपनं विजेच्या संकेतात बदलणारा भाग) कायमचा बसवलेला नसतो. तो खाचेत सरकवायचा आणि मागचा स्क्रू अंगठ्याने आवळायचा. जोडणी बनाना पिनांची, म्हणजे बाजूंना फुगीर, लवचिक पात्या असलेल्या पिनांची.

अशाच एका गिटारचा आवाज मधेच गायब व्हायचा. पिकअप हलवला की खरखर, म्हणजे दोष पॉटचा (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाचा) नव्हे, याच जोडाचा.

पिकअप काढून मल्टिमीटर लावला. रेझिस्टन्स स्थिर, म्हणजे कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) शाबूत. हे महत्त्वाचं, कारण हे पिकअप इपॉक्सीत गोठवलेले असतात. उघडून दुरुस्त करणं जवळपास अशक्यच. पिना मात्र काळवंडलेल्या. कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन, बॉडीपासून लांब बसून त्या पुसल्या आणि पूर्ण सुकू दिल्या. अल्कोहोल किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर अ‍ॅक्रिलिकला लागलं तर आत बारीक तडे पसरतात, आणि ते पॉलिशनेही जात नाहीत. म्हणून पिना ज्यात बसतात त्या बॉडीतल्या सॉकेटमध्ये स्प्रे अजिबात नाही, कोरडी कापसाची काडीच फिरवली.

मग बारीक स्क्रूड्रायव्हरने पिनांच्या पात्या जेमतेम फाकवल्या. जास्त ताणल्या तर मोडतात. पिकअप आता घट्ट बसतो, खरखर थांबली. मागचा स्क्रू बोटांनीच आवळावा; पक्कड लावाल तर तडा बॉडीलाच जाईल.